फळीवरचा पहिला तुकडा

१

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तळ्याकाठच्या कासोरो गावचा साबणवाला बुकुरू आपल्या कारखान्यात मेलेला आढळला. डोकं मागून फुटलं होतं. शेजारी साबण ढवळायचं लाकडी वल्हं पडलं होतं. बुकुरू भट्टीच्या विटांना टेकून कुशीवर पडला होता आणि त्याचं अंग अजून कोमट होतं.

प्रेत पाहिलं मुलेंडाने. हा माणूस समुद्राएवढ्या तळ्यापलीकडचा, काँगोतून आलेला. रात्री मासेमारीच्या होडीवर जायचा, पहाटे तिथून थेट कारखान्यात यायचा आणि भट्टी पेटवायचा. त्याने मालकाला उचलून बसवायचा प्रयत्न केला, मग बाहेर येऊन ओरडला. लोक धावत आले तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

इन्स्पेक्टर असुमिनी जीप घेऊन पोचली तोवर मुलेंडाचा एक डोळा बंद झाला होता आणि त्याच्या गळ्यात घालून पेटवायला कुणीतरी गाडीचा जुना टायर रस्त्यावरून घरंगळत आणत होतं. पेट्रोल यायचं बाकी होतं. तिने हवेत एक गोळी झाडली, मुलेंडाला ओढून जीपमध्ये कोंबलं आणि पोलीस चौकीच्या कोठडीत नेऊन टाकलं.

"अफांदे," तो म्हणाला. खाकीतल्या माणसाला इथे सगळे असंच म्हणतात. "मी त्यांना फक्त उचललं. माणूस पडलेला दिसला तर उचलायचं नाही का?"

"त्या वेळी कारखान्यात आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

"येताना वाटेत कोणी दिसलं?"

"नाही, अफांदे."

"मुलेंडा, तुला खोटंसुद्धा बोलता येत नाही."

चौकीबाहेर त्याची बायको सिफा उभी होती. तिच्या पलीकडे तीस-चाळीस माणसं. त्यांच्यातला एकजण मोठ्याने, पण अगदी शांतपणे म्हणाला, "दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर बुकुरू चाचाला माती देतो. मग येतो. तोवर तुमचा पाहुणा सांभाळा, अफांदे."

असुमिनीकडे तीन शिपाई होते. दोन तिला बरोबर हवे होते. चौकीवर राहिला एकटा लुहेंडे.

२

कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. आत भट्टी, तिच्यावर कढई, पामतेलाची पिंपं, आणि दाराशी साबण ओतायचा लांबलचक लाकडी साचा. असुमिनीला इथला वास जन्मापासून ठाऊक होता. तिच्या आईने तिला याच साबणाने न्हाऊ घातलं होतं, आणि त्याच वडीने त्याच दिवशी घरचे कपडे धुतले होते. पिवळट, बिनवासाची, स्वस्त वडी. तिच्यावर दोन माशांचा छाप. बुकुरू जुळ्यांतला थोरला होता, धाकटा लहानपणीच गेला, म्हणून मासे दोन.

त्या छापावरून गावात थट्टा चाले. बुकुरू आदल्या दुपारी साबण साच्यात ओतायचा, रात्रभर घट्ट होऊ द्यायचा, रात्री तिथेच झोपायचा आणि फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर तारेने स्वतः कापायचा. तोवर साबण असा आवळलेला असे की छाप जेमतेम उमटे. "चाचा, तुमचे मासे कायम उपाशी," असं गिऱ्हाईक म्हणे. "उपाशी मासा जास्त दिवस टिकतो," असं बुकुरूचं ठरलेलं उत्तर.

साचा रिकामा होता. साबण कापून झालेला होता.

सगळ्यांचा हिशेब त्यावरच चालला होता. साबण कापला गेला, म्हणजे बुकुरू पहाटे जिवंत होता. पहाटे जिवंत होता, म्हणजे मेला तो फजरनंतर. फजरनंतर तिथे मुलेंडाशिवाय कोण होतं?

दारावरच्या फळीकडे असुमिनीची नजर गेली. प्रत्येक घाण्याचा पहिला तुकडा बुकुरू या फळीवर ठेवी. गावात कोणी गेलं, मग तो मुसलमान असो की ख्रिस्ती, की तळ्यात वाहून आलेला अनोळखी, त्याला धुवायला साबण या फळीवरून जाई. पैसे कोणी देत नसे, बुकुरू मागत नसे. फळीवर धुळीने माखलेले जुने तुकडे ओळीत होते. ओळीच्या टोकाला एक जागा ओली पिवळट दिसत होती. ताजा तुकडा तिथे ठेवला गेला होता आणि उचलला गेला होता.

"मामींनी मागवून घेतला," मागून आवाज आला. "मामांच्या हातचा शेवटचा. त्यानेच त्यांना धुवायचं म्हणाल्या."

हा यासिनी, बुकुरूच्या बहिणीचा मुलगा. वय पस्तिशीचं. डोळे रडून सुजलेले. गिऱ्हाइकं, होड्या, बाजार हे सगळं तो बघायचा.

"तू कुठे होतास पहाटे?"

"मशिदीत. फजरला पहिल्या रांगेत. मग अब्दुनीच्या टपरीवर चहा. विचारा कुणालाही."

"विचारलं. खरं आहे. मामांना शेवटचं कधी पाहिलंस?"

"पाहिलं काल रात्री, जेवण घेऊन आलो तेव्हा. पण ऐकलं आज." त्याने बाहेरच्या वाटेकडे हात केला. "मशिदीत जाताना इथूनच गेलो. तार वाजत होती. साबण कापताना वाजते ना, तशी. वाटलं, आज मामा नमाजाच्या आधीच लागले कामाला. आत डोकावलो असतो तर..."

असुमिनीने खिळ्याला टांगलेली तार हातात घेतली. सवयीने अंगठा फिरवला. तारेवरून पांढऱ्या कोरड्या खपल्या भुरभुर खाली पडल्या. तिने तार परत टांगली.

"आजचा माल कुठाय?"

"गेला. सात वाजता पलीकडच्या काठाला, कालेमीला जाणारी होडी सुटत होती, तिच्यावर चढवला."

"ओला साबण?"

"हो."

"यासिनी, तुझे मामा तीन आठवडे मांडणीवर वाळवल्याशिवाय स्वतःच्या बायकोलासुद्धा वडी देत नव्हते."

"ते देत नव्हते," तो हळूच म्हणाला. "आता ते नाहीत. त्यांच्या मालाची राखण कोण करणार होतं, अफांदे? तुम्ही?"

उत्तर बरं होतं. पण मामाचं प्रेत घरी पोचून तास झाला नव्हता, आणि हा माणूस धक्क्यावर पेट्या मोजत होता. असुमिनीने तेवढं लक्षात ठेवलं.

३

चाउसिकू, म्हणजे बुकुरूची बायको, सगळ्या गावाची मामी, अंगणात चटईवर बसली होती. भोवती बायका. परसात चटयांचा आडोसा करून पुरुष पाणी नेत होते. बुकुरूला धुवायची तयारी चालली होती.

"त्या काँगोवाल्याला सोडू नका असं सांगायला सगळे येऊन गेले माझ्याकडे," ती असुमिनीला म्हणाली. "मी काहीच बोलले नाही. आठ वर्षं माझ्या हातचं खाल्लंय त्याने. मासे आणायचा तर पहिली टोपली इथं. असा माणूस मारतो का गं?"

"मारतात, मामी. ओळखीचेच मारतात."

"तू लहानपणापासून अशीच. गोड काही येतच नाही तुझ्या तोंडातून."

"काल रात्रीचं सांगा."

"काय सांगू? साबण ओतला की ते तिथेच झोपायचे. कुत्री नाहीतर उंदीर साच्यात तोंड घालतात ना. मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकी मासळी बांधून यासिनीकडे दिली. तो उशिराने ताट घेऊन परत आला. म्हणाला, मामा जेवले, झोपले." मग ती नवल वाटल्यासारखी म्हणाली, "ताट धुतलेलं होतं."

"कोणी धुतलं?"

"तेच तर. त्याच्या मामांनी उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या जागचा हलवला नाही, ते ताट धुतील? आणि यासिनी? तो तर जेवून उठला की हातसुद्धा दुसऱ्याकडून धुवून घेईल. मी चेष्टा केली, 'काय रे, लग्नाची तयारी चाललीय का?' हसला नाही."

जवळच्या बायका खुदकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

असुमिनीने आवाज उतरवला. "मामी, बुकुरू मामांचं कुणाशी बिनसलं होतं?"

चाउसिकू उठून घरात गेली, आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. साबणाचा अर्धा तुकडा. पिवळट, दोन माशांचा छाप.

"मागच्या गल्लीतल्या ओमारीची मुलगी आठवते? चाळीस दिवसांची. न्हाऊ घातली आणि पाठीची साल निघाली. तिसऱ्या दिवशी गेली. हा तिच्या घरातला साबण. त्यांनी आणून दारात फेकला. आमचे हे चार दिवस जेवले नाहीत. एकच म्हणायचे, हा माझा नाही. यात तेल कमी, कॉस्टिक सोडाच सोडा आहे. माझा छाप मारून दुसराच कोणी विकतोय."

असुमिनीने तुकडा नखाने खरवडला, जिभेला लावला आणि थुंकली. मग उजेडात धरला. दोन्ही मासे खोल उमटले होते, पोट फुगलेले, कडा लोळलेल्या. मऊ साबणावर दाबलेला छाप. कापायची घाई झालेल्या माणसाचा.

"कोण विकतोय ते कळलं होतं त्यांना?"

"कळलं असावं. बुधवारी म्हणाले, जुम्म्याला सगळ्यांसमोर उभा राहीन, छापाचा ठोकळा फोडीन आणि नाव घेईन. मी विचारलं, कुणाचं? तर म्हणाले, नाव घेताना मला तुझ्याकडे बघवणार नाही."

मशिदीकडून पहिली हाक यायला अजून वेळ होता. असुमिनी हातातल्या माशांकडे बघत राहिली. मग एकदम ताठ झाली.

"मामी, फळीवरून आणलेला तो ताजा तुकडा कुठाय?"

"मयत धुणाऱ्या किझाकडे दिला," चाउसिकू म्हणाली. परसातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. "त्यानेच धुतायत त्यांना."

४

पुरुषाला धुतात तिथे परक्या बाईने जायचं नाही. इन्स्पेक्टर असली तरी नाही. असुमिनी चटयांपाशी जाऊन थांबली.

"किझा बाबा! हातातला साबण खाली ठेवा."

"कोण ते? असुमिनी? पोरी, इकडे येऊ नकोस."

"येत नाही. साबण ठेवा."

"अर्धं अंग झालंय. मयताला अर्ध्यावर सोडू?" किझा गावातल्या तीन पिढ्यांचे बाप-आजे धुवून बसलेला म्हातारा. तो कुणाला घाबरत नसे.

"फळीवरून दुसरा मागवते. त्या तुकड्यावर छाप उरलाय का, तेवढं सांगा."

पाणी थांबलं.

"डोकी गेली. पोटं आणि शेपट्या आहेत." मग आवाज बदलला. "अगं, हे मासे जेवलेले आहेत. बुकुरूने जन्मात असे लठ्ठ मासे काढले नाहीत."

"कापलेल्या बाजूला काय दिसतं? ओली चकाकी होती का सुरुवातीला?"

"चकाकी कसली? पांढरी साय धरली होती. मला वाटलं जुनाच तुकडा दिला. पण दाबला तर आत मऊ. बोटांना चावतोय वर." तुकडा खाली ठेवल्याचा आवाज आला. "आणखी एक ऐक. सकाळी आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा उजवा हात कोपरात दुमडलेला होता. सरळ करायला दोघं लागलो. तासाभरापूर्वी मेलेला माणूस मी कितीदा धुतलाय. त्याचा हात असा ताठ नसतो."

"अंग तर कोमट होतं म्हणे."

"भट्टीला टेकलेली बाजू कोमट होती. दुसरी गार होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात, बाबा?"

"कुणापुढे बोलू? रस्त्यावर त्या काँगोवाल्याला तुडवत होते. तिथे मयताच्या हाताचं कोण ऐकणार होतं?"

चटईखालून केळीच्या पानात गुंडाळलेला तुकडा सरकत बाहेर आला. मयताला लागलेला साबण घरात परत जात नाही, त्याच्याबरोबर खड्ड्यात पुरतात. किझाने तो दिला तो नाइलाजाने. "काम झालं की परत आण," त्याने बजावलं.

असुमिनीने एका शिपायाला धक्क्यावर पिटाळलं. तो धापा टाकत परत आला. मुलेंडा काल संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला होडीवर चढला होता, पहाट फुटेपर्यंत तळ्यातच होता. त्याच्याबरोबर अकरा माणसं होती. हे आधी कोणी का सांगितलं नाही? कारण रात्रीचं कोणी विचारलंच नव्हतं.

५

जुम्म्याचा नमाज संपला. जनाजा मशिदीच्या ओट्यावर होता. यासिनी नळांच्या रांगेपाशी हात धूत होता. असुमिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने पान उघडलं.

"ओळखतोस?"

"मामांच्या हातचा."

"मामांच्या हातचे मासे उपाशी असतात. हे बघ. असा छाप साबण मऊ असतानाच बसतो. म्हणजे ओतल्यावर पाच-सहा तासांत. काल रात्री."

यासिनीने नळ बंद केला नाही. "मग मामांनी रात्रीच कापला असेल. म्हातारा माणूस. झोप लागली नसेल."

"असेलही. मग पहाटे तू कशाची तार ऐकलीस?"

पाणी वाहत राहिलं.

"तारेवर वाळलेल्या खपल्या आहेत, यासिनी. पहाटे कापला असता तर चिकटा असता. या तुकड्यालाही साय धरली होती, म्हणजे रात्रभर वारा लागलाय. तार वाजल्याचं तू एकट्याने ऐकलंस, कारण ती वाजलीच नाही. पण लोकांना ती वाजायला हवी होती. मामा पहाटे जिवंत असले की तू मशिदीत, आणि मुलेंडा एकटा त्यांच्याजवळ. मामा रात्रीच गेले असले तर मुलेंडा अकरा माणसांत तळ्यावर, आणि जेवण घेऊन गेलेला तू."

"साबण मी कापला असं कोण म्हणतं?"

"हे मासे म्हणतात. ओमारीच्या घरात जो तुकडा होता, त्यावर हेच आहेत. साबण घट्ट होईपर्यंत तुला कधी थांबता आलं नाही. बाकी सगळे तुकडे तू होडीवर चढवलेस. हा एक फळीवर ठेवलास, कारण फळीवर ताजा तुकडा दिसला नाही तर दारातून आत येणारा पहिला माणूस विचारेल. मामी हाच तुकडा मागतील हे तुझ्या डोक्यात आलं नाही. आणि ताट धुतलंस ते कशाला? त्यात जेवण तसंच होतं म्हणून?"

यासिनीने हात वर उचलले.

"मी पाया पडलो त्यांच्या," तो म्हणाला. "म्हटलं, मामा, नाव घेऊ नका, मी गाव सोडून जातो. ते म्हणाले, त्या लेकराला धुवायचा साबणसुद्धा याच फळीवरून गेला होता रे. आणि पाठ फिरवली. एवढंच. पाठ फिरवली." मग म्हणाला, "पोरगी मरेल असं मला वाटलं नव्हतं."

"नकली साबणावर मारायचा छापाचा दुसरा ठोकळा कुठाय?"

त्याने नळ बंद केला.

"आणखी कोण बनवतं हा साबण?"

"अफांदे, खांदा देऊ द्या. मग न्या."

"नाही."

तिने शिपायाला खूण केली. बेड्या घालत असताना तिने मशिदीच्या आवाराकडे पाहिलं. म्हातारे होते, पोक्त माणसं होती, जनाजा उचलला जात होता. पण सकाळी टायर आणणारा त्यांत नव्हता. शांतपणे धमकी देणाराही नव्हता. तरणा असा कोणीच नव्हता.

मातीपर्यंत थांबायलाही ते तयार नव्हते.

६

चौकीचं पुढचं दार मोडलेलं होतं. बाहेर टायर जळत होता, त्यात कोणी नव्हतं. कोठडीचं कुलूप शाबूत होतं, चावी त्यातच लटकत होती. आत मुलेंडाचे बूट होते.

लुहेंडे भिंतीला पाठ लावून बसला होता. कपाळावर खोक पडली होती.

"ते दगड मारायला लागले. मी एकटा. काय करणार होतो, अफांदे? मागचं दार उघडलं आणि म्हटलं, पळ. तळ्याकडे पळ."

"आणि?"

"त्यांनी पाहिलं. निम्मे त्याच्या मागे गेले. पुढचं मला माहीत नाही."

पाठलाग करणारे अंधार पडायच्या आत घरोघरी परतले होते. मुलेंडा पाण्यात शिरला इतकंच त्यांनी एकेकट्याने सांगितलं, तेही नजर चुकवून. दगड मारले का, लागले का, यावर कोणी बोललं नाही. एका होडीवाल्याने लांब पाण्यात काहीतरी काळं हलताना पाहिलं होतं. त्याला ते ओंडक्यासारखं वाटलं. मुलेंडा उत्तम पोहायचा, हे सगळ्यांनी आपणहून सांगितलं.

किझाने तुकडा परत आणायला बजावलं होतं, पण असुमिनीला ते जमलं नाही. केळीच्या पानातला तुकडा पुराव्यात गेला. यासिनी किगोमाच्या तुरुंगात आहे. छापाचा दुसरा ठोकळा सापडलेला नाही. कालेमीहून निरोप आला की माल उतरला आणि विकला गेला.

चाउसिकूने भट्टी पुन्हा पेटवली आहे. पहिला घाणा तिने स्वतः ओतला, रात्रभर तिथेच बसून राहिली, फजरनंतर कापला. मासे उपाशी उमटले. पहिला तुकडा तिने फळीवर ठेवला. मग थोडं थांबून त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, आणि किझाला सांगून ठेवलं की किनाऱ्याला कोणी लागलं तर हा न्यायचा.

सिफा दुपारी आली. ती रोज आधी चौकीत जाते, मग धक्क्यावर, मग इथे. तिने फळीकडे पाहिलं. स्टूल ओढलं, वर चढली, दुसरा तुकडा खाली काढला आणि चाउसिकूच्या हातात दिला.

"हा वाळत घाला, मामी," ती म्हणाली. "त्यांचे कपडे धुवायचे आहेत."

या गोष्टीला नऊ दिवस झाले. चाउसिकू सकाळी तुकडा वर ठेवते, सिफा दुपारी खाली काढते. काल संध्याकाळी असुमिनी गेली तेव्हा फळीवर तो दुसरा तुकडा नव्हता. सिफाने काढला की किझाने नेला, हे तिने विचारलं नाही.